देवाच्या भरवशावर घेतलेली गादी

गादीवाला टाके घालत होता आणि त्याची आई कोपऱ्यात खोळी शिवत बसली होती. तेवढ्यात मागच्या गल्लीतली बाई दुकानात आली आणि तिनं पदरातलं सगळं फळीवर ओतलं. चिंध्या, सुतळीचे तुकडे आणि कुबट वासाचा काळपट कापूस.

"नवा कापूस म्हणाला होतास ना?"

तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याच्या पाठीला जखमा झाल्या, म्हणून तिनं गादी उसवून पाहिली होती.

"कापूसवाल्यानं फसवलं असेल, ताई," गादीवाला पुटपुटला.

"कापूसवाल्याला मी कुठं ओळखते? तुला ओळखते. शेजारीण म्हणत होती, दुसरीकडून घे. मी म्हटलं, छे, हा यहुदी आहे. शनिवारी कितीही गिऱ्हाईक येऊ दे, कुलूप काढत नाही. देवाला इतका मानणारा मला कशाला फसवेल? आता ती हसते. म्हणते, यांचा देव एक शनिवार सांभाळतो, बाकीचे वार मोकळे सोडतो वाटतं."

बाई निघून गेली. आईनं सुई खाली ठेवली.

"मधल्या थरात सगळेच घालतात, आई," गादीवाला म्हणाला. "आणि मी एक प्रार्थना चुकवत नाही."

"चुकवली असतीस तर बरं झालं असतं. लोक म्हणाले असते, माणूस लबाड निघाला. आता म्हणतात, याचा देव लबाड निघाला. त्यानं तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

गादीवाल्याची मान खाली गेली. तो म्हणाला, "चांगली गादी भरतो. अंधार पडला की गुपचूप ठेवून येतो."

"भर गल्लीत त्याच्या नावाला बट्टा लावलास, आणि पुसणार अंधारात? दिवसाउजेडी जा. चारचौघांत तोंड उघड."

त्यानं घरच्यांसाठी राखलेला कापूस काढला, स्वतः पिंजला, स्वतः भरला. दुसऱ्या दिवशी गादी डोक्यावर घेऊन तो गल्लीत शिरला, तर बाईच्या दाराबाहेर चपलाच चपला. तिचा नवरा पहाटे गेला होता. बाई उंबऱ्यावर बसली होती.

त्याला परत फिरावंसं वाटलं. पण त्यानं गादी उतरवली आणि शेजारणीलाही ऐकू जाईल असं म्हणाला, "चिंध्या मी घातल्या होत्या. कापूसवाल्यानं नाही. आमच्या देवाला खोटा माल चालत नाही. मीच त्याचं ऐकलं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

शेजारीण पायाकडे बघत राहिली.

मग बाई म्हणाली, "रात्रभर हे म्हणत होते, कूस बदलून दे, फरशी टोचते. म्हटलं, तीच उसवलेली गादी घालू का? तर म्हणाले, नको, ती त्याहून टोचते." तिनं नव्या गादीवरून एकदा हात फिरवला. "आता ही कुणाखाली घालू?"

गादी तिथंच ठेवून तो परत फिरला.

घरी आईनं विचारलं, "माफ केलं तिनं?"

"नाही."

"तिनं का करावं? तू माफी आणायला गेला नव्हतास. देवाचं नाव तू चोरलं होतंस, ते जागेवर ठेवायला गेला होतास. जखम तुझी तुलाच वागवायची आहे."

तेव्हापासून गादीवाला शेवटचा टाका घालत नाही. गिऱ्हाइकानं उघड्या शिवणीतून आत हात घालून कापूस चाचपला की मगच शिवतो. कुणी म्हणतं, "राहू दे, तुझ्यावर विश्वास आहे." तरी तो म्हणतो, "घाला हात."

तुमचा देव कुठला का असेना, प्रार्थनेत घेतलेलं त्याचं नाव त्याला एकट्याला ऐकू जातं. दुकानात, कचेरीत, शेजारपाजारी आपण जसे वागतो, त्यातून घेतलेलं नाव मात्र जगाला ऐकू जातं. तेच राखायचं असतं. आणि हे कळायला आपल्याला उशीर झाला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीनं सोसलेला असतो.