हरिभाऊ किल्ला सोडत नाहीत

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाने यंदा मी लिहिलेली एकांकिका बसवली. अमेरिकेत वसाहत करायला आलेले इंग्रज आणि तिथले मूळचे वाबानाकी लोक यांच्यातल्या लढाईची. मी रसायनशास्त्र शिकवते. निकाल बदलायची मला सवय नाही. १६७८च्या तहात इंग्रजांनी हार मानून वाबानाकींना दर घरामागे दरवर्षी मापभर मका द्यायचं कबूल केलं. नाटक तिथेच संपायला हवं होतं.

अडचण इंग्रज कप्तानाची होती. ती भूमिका करणारे हरिभाऊ निवृत्त स्टेशनमास्तर. तालमीत दर वेळी ते काहीतरी करून जिंकायचे. "प्रयोगात नक्की हरतो," असा शब्द त्यांनी मला दिला होता.

प्रयोगाला किल्ला झकास उभा राहिला. गोपालपुऱ्यातल्या एका क्लासचे जुने फ्लेक्स तटाला लावले होते, त्यामुळे बुरुजांवरून गुणवंत विद्यार्थी हसत होते. वाबानाकींच्या प्रमुख इंदुमतीबाई, म्हणजे हरिभाऊंच्या पत्नी. डोक्यात पिसं खोवायला मी सक्त मनाई केली होती. त्या साधी शाल पांघरून आल्या.

"किल्ला सोडा," त्या म्हणाल्या.

"नाही सोडत."

मी विंगेतून संवाद सांगितला. हरिभाऊंनी तो ऐकला, मान डोलावली आणि तिथेच उभे राहिले.

"अहो, दाणागोटा संपलाय तुमचा."

"संपू दे."

"मदतीलाही कोणी येणार नाही. नाटकात तसंच लिहिलंय."

प्रेक्षक हसले. माझ्या नाटकात इंग्रज जिंकत होते.

इंदुमतीबाई तटाजवळ गेल्या आणि हळू बोलल्या, पण माइक चालू होता. "पोरीला शब्द दिला होतात ना?"

"अगं, हरायला माझी ना नाही. पण चार्ज कोणाला देऊ? उभ्या नोकरीत बदली माणूस आल्याशिवाय स्टेशन सोडलं नाही मी. तालमीतही कोणी चार्ज घ्यायला येत नाही. मग जिंकावं लागतं."

मी संहितेचं शेवटचं कोरं पान आणि पेन रंगमंचावर सरकवलं. इंदुमतीबाईंनी ते उचललं.

"द्या. काय काय आहे?"

"बुरूज चार, त्यातला एक कललेला. तोफ एक, पुठ्ठ्याची. शिपाई तीन, पैकी एक चहाला गेलाय."

"घेतला चार्ज." त्यांनी सही केली.

हरिभाऊ लगेच बाहेर आले, आनंदाने हरले आणि तहाला बसले.

"मका ओला द्यायचा की वाळलेला?"

"वाळलेला. आणि निवडून," वाबानाकींच्या प्रमुख म्हणाल्या. "मागे चौमूंहून आणलात त्यात निम्मे खडे होते."

हे संहितेत नव्हतं. पण निकाल बरोबर आला होता, म्हणून मी पडदा पाडायची खूण केली.