रोशनबीची चौथी तबकडी

रोशनबी नाशिककर हिला गाता येतं का, असं १९३५ साली कुणी नाशकात विचारलं असतं, तर भद्रकालीपासून रविवार कारंजापर्यंत लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. खुद्द रोशनबीला तर हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तिशी ओलांडलेली ही बाई बैठकीत येऊन बसली, की आपण हिला बोलावलंय की हिनं आपल्याला बोलावणं धाडलंय, हे समोरच्या वकिलांना आणि व्यापाऱ्यांना कळेनासं होई. आपल्या गळ्याची तिला खात्री होती आणि ती लपवायची गरज तिला वाटत नसे. ‘मी काय, असंच थोडंफार गुणगुणतो,’ असं म्हणणाऱ्या गवयांची ती मनापासून टिंगल करी.

तोवर तिच्या ग्रामोफोनच्या तीन तबकड्या निघाल्या होत्या. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

पहिलीसाठी ती मुंबईला गेली. समोरच्या मायक्रोफोनला ती शेवटच्या रांगेतला श्रोता समजली आणि अशी काही गायली, की कंपनीच्या साहेबानं तिला मागं सरकवत सरकवत दारापर्यंत नेलं. गाणं होतं लग्नातलं, हळदीचं. कलकत्त्याच्या कंपनीवाल्यांनी ते बाजारात आणलं ते नेमकं पितृपक्षात. पितृपंधरवड्यात हळदीचं गाणं विकत घ्यायला कोण दुकानाची पायरी चढणार? मेनरोडवर घड्याळं आणि फोनो विकणारे रावजी शेठ कंपनीचे नाशिकचे एजंट. तबकड्यांच्या ढिगाकडं बघत ते सुस्कारे टाकत. रोशनबी मात्र म्हणाली, पितरांनी तरी ऐकलं असेल.

दुसरीच्या एका बाजूला गझल आणि दुसऱ्या बाजूला, जागा रिकामी राहू नये म्हणून घाईनं गायलेली लावणी. कंपनीनं जाहिरात केली गझलेची. लोकांनी गझल एकदा ऐकली, तबकडी उलटली आणि पुन्हा सुलटी केलीच नाही. पुढं ज्याच्या त्याच्या घरी तिची एक बाजू नवीकोरी काळीभोर आणि दुसरी घासून घासून राखाडी झालेली दिसायची. तेव्हा कुठं कंपनीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिसरीवर दोन्हीकडं लावण्या आल्या, आणि त्या तबकडीनं जो धुमाकूळ घातला तो विचारू नका. पेठच्या बाजारात ती वाजली, लासलगावच्या लग्नांत वाजली. मालेगावात तर एका चहावाल्यानं ती इतकी वाजवली, की शेजारच्या दुकानदारानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

सगळे वाहवा करत. रोशनबी ती पानसुपारीसारखी घेई आणि विसरून जाई. एकच माणूस कधी काही बोलला नव्हता, तो म्हणजे तिचा उस्ताद.

निसार मियाँ सारंगी वाजवत. रोशनबी सात वर्षांची असताना तिच्या आईनं तिला त्यांच्यासमोर बसवलं, तेव्हापासून तिचं एकही गाणं त्यांच्या सारंगीशिवाय झालं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही ‘वाह’ म्हटलं नव्हतं, ‘बरं झालं’ एवढंही नाही. त्यांच्या उस्तादांनीही त्यांना कधी म्हटलं नव्हतं. शागिर्दाला दाद दिली की तो तिथंच बसकण मारतो, असं त्यांच्या घराण्यात मानत. गाणं मनासारखं झालं नाही, की ते सारंगीची खुंटी पिळत बसायचे. मनासारखं झालं, की खुंटीला हात लावायचे नाहीत. रोशनबी आपली त्या खुंटीवरून अंदाज बांधायची. गावात इतका रुबाब करणारी ही बाई गाऊन झाल्यावर चोरून एका म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघायची, हे कुणाला सांगितलं तर पटलं नसतं. पण तिला तो शब्द हवा होता. ते ती आईपाशीसुद्धा कधी बोलली नाही.

चौथ्या तबकडीसाठी कंपनीच नाशकात आली. यंत्रं घेऊन साहेब इंदूरकडं निघाला होता. रावजी शेठनी खटपट करून वाटेत त्याचा मुक्काम करवला. सातपूरच्या रस्त्यावरचा एक रिकामा बंगला मिळाला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडक्यांना पोती लावली. बैलांच्या घुंगरांचा आवाज आत येऊ नये म्हणून रस्त्यावर एक माणूस उभा केला. गाणं सुरू झालं की तो गाड्या थांबवी आणि गाडीवानांच्या शिव्या खाई.

या कामाची रीत नाजूक. जाड पिवळट मेणाची चकती गरम कपाटातून काढून यंत्रावर ठेवायची. तांबडा दिवा लागला की गायचं, आणि सुई ते गाणं मेणात कोरत जाणार. तीन मिनिटांत सगळं उरकायचं. तेवढ्या वेळात खोलीत कुणी खोकायचं नाही, कुजबुजायचं नाही. कोरलेलं मेण वाजवूनही बघता येत नसे. वाजवलं की कोरलेलं गेलं. ते तसंच पेटीत घालून कलकत्त्याला जाई, तिथं त्याचा साचा बने आणि साच्यावरून तबकड्या निघत. फसलेलं मेण मुंबईला जाई. तिथं ते यंत्रावर खरवडून कोरं करत, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यावर गाता येई.

दिवा लागला. रोशनबीनं लावणी उचलली:

‘घाटावरचं ऊन माझ्या ओच्यात सांडलं...’

ही ओळ तिनं शंभर बैठकांत गायली असेल. ‘सांडलं’वर एक लखलखीत तान यायची. ती निसार मियाँनीच बसवून दिली होती आणि लोक त्या तानेसाठीच यायचे. त्या सकाळी काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. तोंडावर आलेली तान तिनं सोडून दिली. आवाज अलगद खाली आणला, क्षणभर थांबली आणि समेवर येऊन टेकली.

“वाह, रोशन!”

निसार मियाँचाच आवाज होता. चांगला मोकळ्या गळ्यानं आला, वीसपंचवीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडावं तसा. तबलजीचे डोळे विस्फारले. रोशनबीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण ती थांबली नाही. थांबेल ती रोशनबी कसली? पुढचा अंतरा तिनं असा म्हटला, की तसा ती पुन्हा कधीही म्हणू शकली नाही.

दिवा विझला. साहेबानं कानावरचं यंत्र काढलं आणि जे बोलायचं ते हिंदुस्थानीत बोलला. त्याचा मथितार्थ असा, की मेण फुकट गेलं. निसार मियाँ म्हणाले, मी कुठं काय बोललो, मला खोकला आला. मग त्यांनी सारंगीवर कपाळ टेकलं. शागिर्दाचं गाणं आपण नासवलं, याची शरम त्यांच्या मानेवर दिसत होती.

दुसरं मेण चढलं. या खेपेला रोशनबीनं तान घेतली, सगळं जिथल्या तिथं केलं, आणि कुणी हूं का चूं केलं नाही. साहेब खूश झाला. रावजी शेठनी पेढ्यांचा पुडा सोडला. साहेबाच्या माणसानं पहिल्या मेणाच्या पेटीवर खडूनं फुली मारली आणि ती बाजूला सारली.

“ती कशाला?” रोशनबीनं विचारलं.

खरवडायला, तो म्हणाला. मुंबईत गेली की कोरी होईल.

जे रोशनबीनं सात वर्षांची असल्यापासून प्रत्येक गाण्यातून मागितलं होतं, ते आज मिळालं होतं. आणि आता ते मुंबईत तासून टाकणार, त्याचा चुरा केराच्या टोपलीत जाणार. म्हातारा पुन्हा म्हणणार नव्हता. आज झालेल्या शोभेनंतर तर नाहीच नाही.

ती उठली आणि यंत्राशी गेली. नुकतं कोरलेलं दुसरं मेण अजून तिथंच होतं, ऊबदार. बघू तरी आपलं गाणं दिसतं कसं, असं म्हणत ती वाकली आणि तिनं बांगड्यांसकट अख्खा तळवा त्या मेणावर ठेवला. ठेवला आणि दाबला.

साहेब ओरडला, पण तोवर मेणावर पाच बोटं उमटली होती. तान, अंतरा, सगळं त्या बोटांखाली गेलं.

रावजी शेठनी कपाळाला हात लावला. “बाई, हे काय केलंत?”

“हात ठेवला.”

“चुकून ना?”

“चुकून कसा? मी काय आंधळी आहे?” रोशनबी पदराला हात पुसत म्हणाली. “आता फुलीवाली पेटी कलकत्त्याला धाडा.”

साहेब तापला. उरलेली मेणं दुपारच्या कीर्तनकारबुवांची आणि इंदूरवाल्यांची होती, रोशनबीसाठी एकही शिल्लक नव्हतं. त्यानं स्वच्छ सांगितलं: गाण्यात मधेच माणूस ओरडतो असली तबकडी कंपनी काढणार नाही, आणि या प्रकारानंतर बाईंना पुन्हा बोलावणारही नाही. रावजी शेठ मध्ये पडले, हात जोडले, बाईंना माफी मागा म्हणाले.

“माफी कसली?” रोशनबी म्हणाली. “साहेब, ती तबकडी काढलीत तर लोक घेतील. माझे लोक मला ठाऊक आहेत. दुसरीच्या वेळी तुम्ही गझल गझल करत होतात, तेव्हाही मलाच ठाऊक होतं. नाही काढलीत, तर मी आपली नाशकात गात बसेन. आमची गंगा गोदावरी काही तुम्ही मुंबईला उचलून नेणार नाही.”

एवढं बोलून तिनं उस्तादांची सारंगी स्वतः उचलली आणि टांग्यात जाऊन बसली. टांगा हलला तशी मात्र ती हिशेब करू लागली. चौथी तबकडी निघाली नाही, तर तिसरी शेवटची ठरणार होती, आणि तो शब्दही कायमचा जाणार होता.

घराशी उतरताना निसार मियाँ म्हणाले, आता दुसरा सारंगिया बघ. तोंड आवरत नाही त्या माणसानं साथीला बसू नये. रोशनबीनं हज्जार परीनं समजूत घातली, पण ते ऐकेनात. तिनंही दुसरा सारंगिया शोधला नाही. त्या पावसाळ्यात ती नुसत्या पेटी-तबल्यावर गायली आणि लोकांनी विचारलं, तर उस्ताद गावाला गेलेत असं बिनदिक्कत ठोकून दिलं.

दसरा झाला आणि रावजी शेठच्या दुकानी तबकड्यांची पेटी आली. कंपनीत कुणी ठरवलं, का ठरवलं, देव जाणे. साहेबाचाच विचार पालटला असेल, नाहीतर तिसरीचा खप आठवला असेल. पण फुलीवालं मेण खरवडलं गेलं नव्हतं, त्याचीच तबकडी निघाली होती, रोशनबीच्या नावानं, आणि या खेपेला चक्क दिवाळीच्या तोंडावर. रावजी शेठनी निरोप धाडला, ऐकायला या. तिनं उलट सांगितलं, उस्ताद येतील तेव्हाच मी येईन.

उस्ताद कुठले येतात? इकडं गाव मात्र वेडं झालं. ‘ती वाहवाली रेकॉर्ड द्या’ म्हणत लोक दुकानात शिरत. त्या जागी गाणं आलं, की चहाच्या दुकानातली सगळी बाकं एका सुरात ‘वाह, रोशन’ म्हणत. निसार मियाँ नमाजाला निघाले, की टांगेवालेसुद्धा तेच म्हणत. लोकांचं ते प्रेम होतं. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्या चुकीची गावभर टर चालली आहे. चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी काठी टेकत ते रोशनबीच्या दारात आले. रावजीला सांगून ती तबकडी परत पाठव, म्हणाले, मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

“पाठवते,” रोशनबी म्हणाली. “आधी एकदा ऐका.”

दुपारची वेळ होती. मेनरोडवर दिवाळीची गर्दी, पण दोघं दुकानात शिरल्याबरोबर रावजी शेठनी गिऱ्हाइकांना गप्प केलं. फोनोला किल्ली दिली, सुई टेकवली. रोशनबीनं स्वतःचा आवाज ऐकला आणि तो झकास लागला होता हे तिच्या लगेच लक्षात आलं. पण ती बघत होती उस्तादांकडं.

‘सांडलं’ आलं. तान आली नाही. आवाज खाली उतरला, थांबला, टेकला. आणि कर्ण्यातून निसार मियाँ म्हणाले, ‘वाह, रोशन!’

म्हातारा दचकला. स्वतःचा आवाज त्यांनी जन्मात बाहेरून ऐकला नव्हता. गाणं संपलं, सुई खरखरत राहिली. त्यांनी वाकून कर्ण्यात डोकावून पाहिलं.

“ती तान मी दिली होती तुला,” मग ते म्हणाले. “का टाकलीस?”

“नको वाटली,” रोशनबी म्हणाली.

रावजी शेठना त्यांनी खूण केली, पुन्हा लावा. पुन्हा तीच ओळ आली, ऊन ओच्यात आलं, आवाज खाली उतरला. या खेपेला निसार मियाँ यंत्रासाठी थांबले नाहीत. कर्णा बोलायच्या आधीच त्यांनी रोशनबीकडं तोंड वळवलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, “वाह, रोशन.”

दाद मिळाली की गाणाऱ्यानं झुकून सलाम करायचा, अशी बैठकीची रीत. रोशनबीनं आजवर हजार सलाम केले होते, निम्मे तर दुसरीकडं बघत. बंगल्यात तांबडा दिवा जळत होता, गाणं चालू होतं, म्हणून हा एक सलाम करायचा राहून गेला होता. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मेनरोडवरच्या भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, कमरेत वाकून तिनं उस्तादांना सलाम केला. वर मान करायला तिला बराच वेळ लागला, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला लोकांना दाखवायचे नव्हते.