मागचं वजन

हॅल्वर ट्वेट आमच्या अंगणात शिरला तेव्हा मी शिडीवर होतो, आणि त्याच्या ट्रकमागे काय बांधलंय ते बघून शिडीवरून पडता पडता वाचलो. ट्रेलर. साधा, बुटका, आत राहायचा, पिकअप ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्याला अडकवलेला ट्रेलर. तसाच माझा आहे, आणि त्यावरून या माणसाने इतकी वर्षं माझी सालटी काढली होती.

मी वरूनच ओरडून विचारलं की कुणाचा चोरून आणलास. तो हसला नाही. खाली उतरलाही नाही. काच खाली करून म्हणाला, "नॅडीनला सांग कॉफी टाक. आणि ड्यूई, तू तोंड बंद ठेव."

नॅडीन म्हणजे माझी बायको. तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही, हे तिला आणि हॅल्वरला दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी ठेवलं, कारण त्याच्या शेजारी त्याची बायको आर्डिस बसली होती आणि ती माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती.

हॅल्वरची सगळी नोकरी नॉर्थ डकोटात, गावच्या धान्यकोठारावर, वजनकाट्याच्या खिडकीत गेली. गव्हाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, हा आकडा सांगायचा, आणि शेतकरी मान डोलावून निघून जायचा. त्याच्या आकड्यावर कुणी कधी शंका काढली नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर वजनाखेरीज दुसरं काय बोलणार? दर ऑक्टोबरात तो आणि आर्डिस साउथ डकोटात न्यूएलला आमच्याकडे येतात, आणि मग आम्ही चौघं आपापली चाकावरची घरं ओढत ॲरिझोनाच्या वाळवंटात जातो. तिथे संध्याकाळी खुर्च्या टाकल्या की याचं सुरू.

"हे बघ ड्यूई, घर ओढायचं तर ते ट्रकच्या पाठीवर बसलं पाहिजे. तुझं मागे लोंबतंय. लोंबते ती शेपटी. वारा आला की शेपटी हलते, आणि शेपटी हलली की कुत्रं हलतं."

त्याचं स्वतःचं घर होतं फिफ्थ व्हील. त्याचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात, बरोब्बर मागच्या चाकांच्या डोक्यावर, एका जाड लोखंडी पाटावर टेकलेला. त्या उंच भागात झोपायची खोली. रस्त्यात शेजारून मोठा मालट्रक भरधाव गेला तरी ते घर ढिम्म हलायचं नाही. मी आपला वाद घालायचो, की तुझ्या उंच घराला आडवा वारा जास्त लागतो, की बुटक्या पुलाखालून जाताना तुझा चेहरा बघण्यासारखा असतो. पण खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. मालट्रक जवळून गेला की माझा ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला जातो, मग बाहेर फेकला जातो, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसतो. मी गोळ्याजवळ मोठे दांडे लावलेत, वजन पुढच्या चाकांवर वाटणारे. तेही त्यानेच लावून दिले, वर शिव्या देत. त्याचं बरोबर आहे, हे मात्र मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

आणि तो हॅल्वर आता शेपटी घेऊन माझ्या दारात उभा. हौद्यात त्या लोखंडी पाटाच्या जागी आर्डिसची तीन चाकांची विजेची स्कूटर पट्ट्यांनी आवळून ठेवलेली.

का, ते मला दुसऱ्या दिवशी निघाल्यावर कळलं. हॅल्वर पुढे, आम्ही मागे. नॅडीनने सकाळी स्वयंपाकघरात आर्डिसकडून सगळं ऐकलं होतं, आणि वायोमिंगची हद्द लागेपर्यंत ती मला सांगत राहिली. आर्डिसच्या पायांतलं बळ दोन वर्षांपासून ओसरतंय. गेल्या हिवाळ्यापासून तिला त्या उंच खोलीच्या पायऱ्या चढता येत नाहीत. ती खाली सोफ्यावर झोपायची, हॅल्वर वर, आणि आम्हाला दोघांनी पत्ता लागू दिला नव्हता. त्याने कठडा लावून पाहिला. फळी टाकून पाहिली. एकदा तिला पाठीवर घेऊन चढायला गेला आणि दोघंही कोसळले. तेव्हा त्यांच्या मुलीने बिस्मार्कला एक फ्लॅट बघितला, तळमजल्यावरचा, आणि म्हणाली, पुरे झाली तुमची भटकंती. आर्डिसने साफ सांगितलं, खिडकीतून बर्फ बघत बसायला मी मेलेली नाही. शेवटी तडजोड झाली. या हिवाळ्यात जायचं. पण वाटेत काही झालं तर तिथून सरळ मागे फिरायचं, आणि मग फ्लॅट.

"म्हणून त्याने ते उंच घर विकलं?" मी विचारलं.

"स्कूटर ठेवायला हौदा रिकामा हवा, आणि झोपायला पायऱ्या नकोत," नॅडीन म्हणाली. "तू असतास तर विकलं असतंस का?"

मला आदल्या संध्याकाळचं आठवत होतं. मी त्याला सहज विचारलं होतं, काट्यावर नेऊन वजन केलंस ना? तर तो फाडकन म्हणाला, "आता तू मला शिकवणार का?" नवा ट्रेलर कुणीही घेतला तरी जो माणूस पहिल्यांदा त्याला हाताला धरून काट्यावर नेतो, त्याने असं बोलावं, हे मला खटकलं होतं. पण गप्प राहिलो. एका दिवसात दोनदा गप्प राहण्याचा माझा तो विक्रमच.

वायोमिंगमधल्या लस्कच्या पुढे वारा सुटला. तिकडचा वारा म्हणजे काय ते तिकडे राहणाऱ्यालाच विचारा. गवत उभं राहतच नाही. आडवा येत होता आणि मला माझाच ट्रेलर सांभाळायची पडली होती. तेवढ्यात एक लांबलचक मालट्रक आम्हाला ओलांडून हॅल्वरच्या शेजारून गेला. हॅल्वरच्या ट्रेलरची मागची बाजू किंचित उजवीकडे गेली. मग डावीकडे, थोडी जास्त. मग पुन्हा उजवीकडे, आणि या वेळी तिने ट्रकची पाठही ओढली.

नॅडीनने माझी बाही घट्ट धरली. मी त्याच्यापासून अंतर वाढवलं आणि मोठ्याने म्हणत राहिलो, ब्रेक नको मारूस, बाबा, ब्रेक नको मारूस. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तिथेच माणूस संपतो, कारण ट्रक थांबतो आणि मागचं घर थांबत नाही. हे मला शिकवलं कुणी? त्यानेच. पायाने काही करायचं नाही, स्टिअरिंगशी मारामारी करायची नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गुडघ्याजवळच्या कळीने हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा, म्हणजे ट्रेलर मागून ओढून ट्रकला सरळ करतो. तेवढ्यात हॅल्वरच्या ट्रेलरच्या चाकांतून धूर निघाला. तो दोनदा आणखी झुलला आणि सरळ झाला. मी पाहिलं नाही तरी मला माहीत होतं त्याचा हात कुठे होता.

तो कडेला थांबला. मी पळत गेलो. हॅल्वर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. आर्डिसचा चेहरा पांढराफटक.

"झालं," तो म्हणाला. "पोरीला फोन कर. घरी जाऊ."

"मी नाही करणार," आर्डिस म्हणाली. "आधी सांग, ते का हललं."

"वारा होता."

"ड्यूईचं नाही हललं. हॅल्वर, आख्खं आयुष्य दुसऱ्यांना सांगत आलास ना? मला सांग."

मी दाराशी उभा. वाऱ्याने माझी टोपी उडाली ती मी जाऊ दिली.

"मागे वजन जास्त झालंय," तो म्हणाला. "पुढचं ट्रकवर पुरेसं बसत नाहीये. काट्यावर नेलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं."

"मग नेलं का नाहीस?"

"आपल्या गावच्या काट्यावर माझ्या जागी आता स्टेनर बसतो." त्याने हाताने तोंड पुसलं. "त्याच्या खिडकीसमोरून हे घेऊन जायची मला लाज वाटली. मी तुला घेऊन रस्त्यावर आलो, आर्डिस, आणि मला लाज वाटली म्हणून वजन केलं नाही."

मला त्या माणसाला हसायची संधी इतकी वर्षं हवी होती. आता ती समोर होती, आणि मला फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. त्याने झटकला नाही.

मग आम्ही ट्रेलरचं दार उघडलं. स्वयंपाकघर अगदी मागच्या टोकाला होतं. वरची कपाटं सगळी रिकामी. खाली, भिंतीला लागून, खुर्चीत बसलेल्या बाईच्या हाताला येतील अशा उंचीवर नवी फळकुटं ठोकलेली, पॉलिश केलेली, कोपरे घासून गोल केलेले. त्यांवर तिची बिडाची तवे-पातेली, लोणच्यांच्या आणि पीचच्या बरण्यांच्या रांगा, पिठाचा डबा, शिवणयंत्र, स्कूटरची जादा बॅटरी, पाण्याचे कॅन. उन्हाळाभर त्याने हेच केलेलं दिसत होतं. तिला काही मागावं लागू नये म्हणून त्याने तिचं सगळं जग त्या शेपटीच्या टोकाला आणून ठेवलं होतं.

आर्डिस सीटवरूनच ओरडून विचारत होती काय काय आहे मागे. नॅडीनने एकेक नाव सांगितलं.

"वेडा आहेस," आर्डिस म्हणाली. "पुढे न्या सगळं. पलंगाखाली. चालताना पुढे, मुक्कामाला पोचलं की परत मागे."

"रोज हे कोण करणार?" हॅल्वर म्हणाला.

"तू. दुसरं काय काम आहे तुला?"

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच, हसला. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी वाकून वाकून सगळं पुढे नेलं. बरण्या टॉवेलांत गुंडाळल्या, पाण्याचे कॅन ओतून दिले. तो मला ओरडत होता, ते तिथे नको, चाकांच्या पुढे, अजून पुढे, ड्यूई, तुला पुढे म्हणजे कुठे ते तरी कळतं का? माझा जुना हॅल्वर परत आला होता आणि मला इतकं बरं वाटलं की मी उलटून बोललोसुद्धा नाही.

डग्लसला मालट्रकवाल्यांचा काटा आहे. तिथे रांगेत सगळे अठरा चाकी राक्षस, आणि मध्ये याचा बुटका ट्रेलर. एका ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी थट्टा केली. हॅल्वरने हात वर करून त्याला सलाम ठोकला आणि काट्यावर चढला. आधी सगळं जोडून वजन केलं, मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं. पावती वाचली, पुन्हा वाचली, घडी न घालता आर्डिसच्या हातात दिली.

"बसलं," तो म्हणाला.

पुढे वारा तोच होता. मालट्रकही तेच. त्याचा ट्रेलर त्यांच्या शेजारून जाताना एकदा अंग हलवायचा आणि निमूट मागे चालायचा. व्हीटलंडला पोचेस्तोवर मी स्टिअरिंगवरचा एक हात सोडून नॅडीनच्या पिशवीतलं बिस्कीटही खाल्लं.

ऊन अजून चांगलं होतं. आम्ही गावच्या बागेजवळ मुक्कामाची जागा धरली, नॅडीनने घरून भाजून आणलेला बटाट्याचा हॉटडिश गरम करायला ठेवला, चार ताटल्या बाकावर मांडल्या. हॅल्वर हातमोजे घालून चाकांना अडसर लावत होता. आर्डिस स्कूटरवरून ट्रेलरच्या दारापाशी गेली. एकच पायरी. तो धावत आला तर तिने हाताने त्याला थांबवलं. दांडी धरली, एक पाय वर, थांबली, दुसरा पाय वर. आत गेली, भिंतीला धरत धरत, आणि आम्हाला पलंग करकरल्याचा आवाज ऐकू आला.

मग ती आतून म्हणाली, "हॅल्वर, इथे बरीच जागा आहे."

तो तसाच उभा राहिला. मी माझ्या ट्रकच्या गोळ्याकडे, नसलेल्या गंजाकडे, बघायला लागलो. त्याने हातमोजे काढले, पायरीवर ठेवले, टोपी काढली. बूट काढले आणि दारापाशी जोडीने ठेवले. आत जाऊन त्याने दार ओढून घेतलं.

नॅडीनने दोन ताटल्या बाकावरून उचलून परत आत ठेवल्या आणि हॉटडिशवर झाकण घातलं.