मामींची बेल

"मामा, परत वाजली!" भाची स्वयंपाकघरातून ओरडली, तोवर मामा चष्मा कपाळावर सारून आतल्या खोलीकडे धावलेही होते. पलंगावर मामी टक्क जाग्या. त्यांनी डावा हात हलवून सांगितलं, मी नाही वाजवली. वर हसल्याही. मामा आल्या पावली परतले.

मामांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्तीनंतर जरा पाय पसरावेत, तर मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एका दुपारी मामांना शेजारच्या खोलीत डोळा लागला आणि मामी तशाच तहानलेल्या पडून राहिल्या. ते मामांच्या फार जिव्हारी लागलं. बाजारात तयार बेल मिळते, असं भाचीने सांगून पाहिलं. "माझ्या बायकोची बेल मीच करणार," मामा म्हणाले. त्यापुढे कोणाची बोलायची टाप नव्हती.

भाचीची नोकरी प्रोग्राम लिहिण्याचीच. तिने मामींच्या हाताशी ठेवायचं बटण जोडायला एक छोटा बोर्ड आणला आणि मामांच्या कॉम्प्युटरवर सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायचा सगळा सरंजाम मांडून दिला. ज्यात प्रोग्राम लिहायचा तो एडिटर शब्द रंगवून दाखवी, तो मामांना पोरखेळ वाटला. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर चुका सांगे, शिवाय शंका आली की नुसता इशाराही देई. ते इशारे मामांनी या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. "चालतंय ना? मग किरकिर कशाला?" डीबगर मात्र त्यांना बघताक्षणी आवडला. तो प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवी आणि आत कुठे काय साठलंय ते दाखवी.

"म्हणजे लिफ्ट एकेक मजला हळूहळू नेऊन बघायची. हे तर आमचंच काम!"

बेल आपोआप का वाजते, तेही शेवटी डीबगरनेच दाखवलं. बटण दाबलंय की नाही हे जिथे नोंदवायचं, तिथे मामांनी सुरुवातीला शून्य ठेवलाच नव्हता. आत भलताच आकडा पडून होता आणि प्रोग्राम त्यालाच बटण दाबलं असं समजे.

"कंपायलर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, मामा."

"हो गं बाई. तुझ्या मामीसारखाच. तिचंही बरोबर असायचं, मीच ऐकायचो नाही." मामा बोलून गेले आणि कीबोर्डकडे वळले.

शून्य घातला. बेल गप्प झाली. चहा झाला, कप विसळून झाले, आणि बेल वाजली.

मामा जागचे हलले नाहीत. "अजून कुठेतरी खोट आहे," म्हणत त्यांनी प्रोग्राम थांबवला. आत शून्याऐवजी एक दिसत होता. "बघ! एक कसा आला?"

"दाबलं की एक होतो, मामा."

"ते मला ठाऊक आहे. पण दाबलं नसताना?"

भाचीने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "अहो मामा, मामी बोलावतेय."

मामा धडपडत उठले. मामींना पाणी नको होतं. उशी नीट करायला गेले, तर तेही नको. त्यांनी डाव्या हाताने पलंगाशेजारची खुर्ची थोपटली. कॉम्प्युटरचं खूळ शिरल्यापासून त्या खुर्चीवर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग असे.

मामांनी कपडे उचलून पायथ्याशी ठेवले आणि बसले.

बाहेर पडद्यावर प्रोग्राम त्याच ओळीवर थांबून होता. भाचीने तो तसाच राहू दिला.