गार वाळूतली ऊब

मी एक जुना रणगाडा आहे. कुवेतच्या सीमेजवळ, इराकच्या वाळवंटात, एका खड्ड्यात मी अजून उभा आहे. मित्रांनो, दूरच्या थंड देशातून मी बसऱ्याच्या बंदरात उतरलो, तेव्हा बायकांनी माझ्यावर चॉकलेटं उधळली होती. माझं पोलाद अभेद्य आहे, असं सगळे म्हणत. मीही ते खरं मानलं.

माझा चालक लफ्ता दलदलीच्या मुलखातला. मुलीच्या नावावरून त्याला सगळे अबू रीम, म्हणजे रीमचा बाप, म्हणत. तोफ सांभाळणारा हातिफ त्याच्याहून लहान. आमचा प्रमुख रजेवर गेला, तो परतलाच नाही.

कुवेतवरून पेटलेल्या युद्धात, १९९१च्या त्या फेब्रुवारीत, महिनाभर आकाशातून बॉम्ब पडत होते. म्हणून दोघं माझ्यापासून लांब, चरात झोपत. मग एके दुपारी वाळूचं वादळ उठलं आणि आमच्या तुकडीचे कप्तानसाहेब स्वतः आले.

"इंजिन चालू ठेवा. या धुळीत तुम्हाला कोण बघणार? मी मागेच आहे."

हातिफ खूश झाला. थंडीने बोटं आखडली होती. त्याने माझ्या इंजिनाच्या झाकणावर रोट्या मांडल्या.

"अबू रीम, वहिनी अशीच भाजतात ना?"

"ही रोटी तिने पाहिली, तर मला म्हशींबरोबर बांधेल!"

डिझेल संपत आलं, म्हणून हातिफला आत बसवून लफ्ता डबा घेऊन कप्तानांच्या खंदकाकडे गेला. खंदक रिकामा होता. रेडिओ नव्हता, गाद्या नव्हत्या. गाड्यांच्या चाकांच्या खुणा उत्तरेकडे गेल्या होत्या. सगळी फळी जागेवर आहे असं शत्रूला वाटावं आणि साहेबांना निसटायला वेळ मिळावा, एवढ्यासाठीच आमची इंजिनं धडधडत होती.

तो डबा टाकून धावत आला.

"हातिफ, इंजिन बंद कर! बाहेर ये!"

"चालू ठेवायचा हुकूम आहे. कप्तान रागावतील."

"कप्तान पळाले रे! गाद्यासुद्धा घेऊन गेले!"

"काहीतरीच! ते मागेच आहेत. मला वचन दिलंय त्यांनी."

शत्रूच्या दुर्बिणींना उजेडाची गरज नव्हती. त्यांना ऊब दिसत होती. गार वाळूत मी तापलेला होतो. धुळीतून एक गोळा आला आणि माझं अभेद्य पोलाद कागदासारखं फाटलं. हातिफ आतच राहिला. लफ्ता वाळूत गुडघ्यांवर बसून त्याला हाका मारत होता.

त्या दिवशी या वाळवंटात शेकडो रणगाडे लढले. तरी त्या लढाईचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, हातिफला कप्तानांनी फसवलं, पण त्याची जागा दाखवली ती मी. मला रंग देऊ नका, चौकात मांडू नका. माझ्यावर चढून फोटो काढायचा असेल, तर खुशाल काढा. फक्त आधी झाकणावर हळूच टकटक करा. आत एक मुलगा आहे. तो अजून हुकूम पाळतो आहे.