दुसरी फेरी

या सगळ्या प्रकरणात वसुंधराबाईंना मिळायचं होतं ते फक्त सव्वा मिनिट. रमणला मिळायचं होतं मंडळाचं अध्यक्षपद, आणि त्यांच्या सुनेला, नूतनला, घरात चार दिवस शांतता. बाईंचा वाटा तेवढाच, पण त्यावर त्या एकसष्ट वर्षं डोळा ठेवून होत्या.

अठराव्या वर्षी त्या मुंबईच्या एका हॉटेलात बारा जणांच्या डान्स बँडपुढे ‘मिस व्हायोलेट’ या नावानं गायला उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या हे आपलं म्हणायचं. त्या काळच्या बँडात गाणारी मुलगी म्हणजे फुलदाणी. कडेला खुर्चीवर बसायचं, पापण्या खाली, ओठांवर हसू. बँड आधी अख्खी धून एकदा वाजवणार, ती पहिली फेरी. मग उठून दुसरी फेरी गायची की पुन्हा खुर्ची. पाच वर्षांत एक रेकॉर्ड निघाली. तिच्यावर बँडमास्तरचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरांत ‘गायनासह’. कोणाच्या, ते नाही. मग लग्न ठरलं आणि व्हायोलेट मिटली. निघताना मात्र बाईंनी एका गाण्याचे, बाराही वादकांचे कागद पिशवीत घातले. लोक याला चोरी म्हणतील. बाई प्रॉव्हिडंट फंड म्हणत.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी मुलाकडे मस्कतला, अझैब्याला आल्या त्या पायाला भिंगरी बांधूनच. बाल्कनीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून बाल्कनीपर्यंत. जेवताना बोटं टेबलावर ताल धरत.

“आई, आमटी हिंदकळतेय,” नूतन म्हणाली.

“मग वाटी धर.”

शेवटी नूतननंच तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी रमण याच्या कानावर बाईंचा इतिहास घातला. यंदा तो अध्यक्षपदाला उभा होता, वार्षिक कार्यक्रमातल्या त्याच त्या नाट्यगीतांवर त्याला उतारा हवाच होता.

स्वरूप हा कुडाळचा, इथल्या एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारा. त्यानं इकडून तिकडून नऊ वादक जमवले. बाईंचा आवाज आता खाली बसलाय हे पहिल्या ओळीतच ओळखून, तीन शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून सगळे कागद दोन सूर खाली लिहून काढले.

“काकी, पाचच मिन्टां गावलीत. चार फेऱ्यो. पयली बँडची, दुसरी तुमची, तिसरी माझी एकट्याची, चौथी सगळ्यांची.”

“तुझी कशाला मध्येच?”

“तुमची कशाक, ता मी इचारलंय?”

बाईंना हे उत्तर आवडलं.

तालमीला रमण आला नाही. जेवणाच्या पार्सलांत अडकला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. बाई जांभळ्या जॉर्जेटमध्ये, खुर्चीवर, पापण्या खाली, ओठांवर हसू. बँडनं पहिली फेरी धरली. अर्धं मिनिट गेलं तरी बाई हलेनात. गायिका आली की गाते, एवढंच ठाऊक असलेलं सभागृह कुजबुजू लागलं. विंगेत रमणला घाम फुटला. आजी झोपल्या. आता अध्यक्षपदही झोपणार.

बाई मात्र मनात मात्रा मोजत होत्या. फेरी संपली. त्या उठून माइककडे निघाल्या, तेवढ्यात रमणनं येऊन माइक काढून घेतला.

“रसिकहो, आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, आपण समजून घेऊ या. त्या इथवर आल्या, हेच आपलं भाग्य...”

मागे बँड चालूच. बँड कुणासाठी थांबत नाही, हे बाईंना मुंबईत पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं होतं. रमण त्यांच्या आयुष्याविषयी फार सुंदर बोलत होता, आणि बोलत होता तो त्यांच्या सव्वा मिनिटावर.

“रमण, ते मला दे.”

“नको आजी, दम लागेल.”

माइक हातात आला तेव्हा फेरीची शेवटची ओळ चालली होती. गेलेली फेरी गेली. बाई शिस्तीत खुर्चीकडे वळल्या.

स्वरूप उठून उभा होता, ट्रम्पेट ओठांशी. त्यानं तो खाली घेतला आणि मोकळा हात डोक्यावर थोपटला. बँडवाल्यांत या खुणेचा अर्थ एकच: तीच फेरी पुन्हा. ड्रमवर बसलेल्या मुनीरनं भुवया उडवल्या, “और तेरा?” स्वरूपनं पुन्हा डोकं थोपटलं आणि खाली बसला.

बाई गायल्या. आवाज दोन जागी फाटला. तिसऱ्या जागी असा काही उतरला की कुजबुज आपोआप थांबली. एकच फेरी, ओळ जास्त नाही. चौथी सगळ्यांनी मिळून वाजवली न वाजवली तोच कोळीनृत्याची पोरं टोपल्या घेऊन स्टेजवर घुसली.

विंगेत बाई स्वरूपला शोधत गेल्या. बाहेर आणलेल्या नोटेशनच्या स्टँडवर त्याचा फोन होता, गाणं सुरू होताना कुडाळला लावलेला, अजून चालू. तो उचलून स्वरूप पाठमोरा बोलत होता.

“नाय बाबा, माझी नाय झाली. बाईमाणसाचो आवाज आयकलात मा? ता माझ्या जाग्यार... होय, बरी गायली. खलास, ठेवतंय आता.”

त्याचे वडील जन्मभर वरातीत बँड वाजवून घरी बसलेले, आज मुलाची फेरी ऐकायला फोन धरून होते, हे मुनीरनं बाईंना सांगितलं. न विचारता.

रमण अध्यक्ष झाला. निवेदनाचं तर विशेष कौतुक झालं. नूतनला शांतता मिळाली, चार नाही तरी दोन दिवस. बाईंना सव्वा मिनिट मिळालं, पुरतं. आणि त्याची किंमत, तिसरी फेरी, वर कुडाळच्या फोनच्या त्या पाच मिनिटांचे पैसे, दोन्ही स्वरूपनं भरली.