साडेतीन टक्के आणि वरचा कर

मित्रांनो, माझ्यावर छापलेली तारीख उलटून महिना झाला. मी एक जुनं क्रेडिट कार्ड. नावाची अक्षरं अर्धी पुसलीत, पण वाचता येतात : कमल. परळच्या एका इस्पितळात त्या वॉर्ड सिस्टर आहेत आणि राहतात डिलाईल रोडच्या चाळीत.

पहिली चार वर्षं मी किराणा आणि औषधांपलीकडे काही पाहिलं नाही. मग विहारातल्या बायकांची श्रीलंकेची सहल ठरली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा, ही शेजारच्या रखमामावशींची जन्माची इच्छा. निघण्याआधी कमलताई मला घेऊन दादरच्या बँकेत गेल्या.

"परदेशात थोडासा चार्ज लागतो," काउंटरवरची श्रेया म्हणाली.

"थोडासा म्हणजे किती? मी सलाईनसुद्धा थेंब मोजून लावते गं."

श्रेया हसली आणि तिने नीट समजावलं. निघताना म्हणाली, "आणि तिकडे विचारतील, भारतीय रुपयात घेऊ का? नाही म्हणा. तो दर त्यांचा असतो, महाग पडतो."

बोधिवृक्षाचं दर्शन झालं. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. उतरताना पायरीवर रखमामावशींचा पाय सटकला आणि मनगटाचं हाड मोडलं. तिथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन करायला हवं, पैसे आधी भरा. बायकांनी पर्स उलट्या केल्या, चहापाण्यापुरते निघाले. कमलताईंनी मला पुढे केलं. कॅशियरने मशीन वळवलं. पडद्यावर दोन आकडे होते, एक तिथल्या पैशात, एक आपल्या. आपला आकडा ओळखीचा, म्हणून बरा वाटत होता. तो होता पंच्याऐंशी हजार सहाशे. कमलताईंचं बोट क्षणभर थांबलं आणि तिथल्या पैशावर पडलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका ताठ राहिलो नव्हतो.

हाड जोडलं गेलं. सगळ्या सुखरूप घरी आल्या.

महिन्याने बिल आलं तेव्हा मात्र रखमामावशींचा स्वप्नील गॅलरीत, चार लोकांसमोर, मोबाइल नाचवत म्हणाला, "ताई, त्या दिवसाच्या दराने ऐंशी हजार होतात. तुम्ही त्र्याऐंशी हजार तीनशे चार सांगता. वरचे कोणाचे?"

तीस वर्षं त्या चाळीतले अर्धे ताप कमलताईंच्या हाताने उतरले होते. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. आतून बिल आणि पेन्सिल आणली.

"बस इथं. हे ऐंशी हजार इस्पितळाचे. परदेशात कार्ड वापरलं म्हणून माझी बँक साडेतीन टक्के घेते. किती झाले?"

"अठ्ठावीसशे."

"त्यावर सरकारचा जीएसटी, अठरा टक्के. ऐंशी हजारांवर नाही बरं, फक्त त्या अठ्ठावीसशेवर. कर."

स्वप्नीलने बोटं चालवली. "पाचशे चार," तो हळूच म्हणाला.

"आता मिळव."

त्याने मिळवलं. मान वर करेना. दारातून रखमामावशी प्लॅस्टरचा हात छातीशी धरून बोलल्या, "मेल्या, माझं हाड मोडलं तेव्हा हिने विचारलं नाही, तुझा पोरगा पैसे देईल की नाही."

"चुकलो, ताई," स्वप्नील म्हणाला. "पण हे आम्हाला कुणी सांगतच नाही. विहारात सांगाल?"

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. नवं कार्ड आलं होतं, म्हणून माझी चिप कात्रीने कापून मला नमुना म्हणून हातोहात फिरवलं. मित्रांनो, देशाची हद्द ओलांडताना मला जरूर सोबत न्या, पण आधी बँकेला विचारा : तुमचं किती, सरकारचं किती, आणि कशावर? विचारायला लाजू नका. न विचारलेल्या तीन हजारांपायी एका भल्या बाईवर संशय आला होता.

मी शेवटच्या रांगेत पोचलो. तिथल्या एका आजींनी मला डोळ्यांजवळ धरलं, मग मोठ्याने म्हणाल्या, "कमल, ते अठरा टक्के कशावर, परत एकदा सांग. नात दुबईला चाललीय. तिला मीच शिकवणार."